मुख्य उपचारापूर्वीची केमोथेरपी
सायनसच्या वाढलेल्या कर्करोगाविषयी रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

गालाच्या हाडाआड, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि कपाळामागे असलेल्या हवेच्या पोकळ्यांना सायनस म्हणतात. या पोकळ्यांमध्ये होणारा कर्करोग विरळा आहे. डोके व मान या भागांतील सर्व कर्करोगांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के असते. त्यामुळे या आजाराचे निदान होते तेव्हा बहुतेक कुटुंबांनी त्याचे नावही पूर्वी ऐकलेले नसते.

आपल्या घरातील व्यक्तीला हा आजार झाला असेल आणि डॉक्टरांनी ‘आधी केमोथेरपी देऊ, मग शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन ठरवू’ असे सांगितले असेल, तर मनात शंका येणे स्वाभाविक आहे. शस्त्रक्रिया लांबणीवर का टाकली? आजार हाताबाहेर गेला आहे काय? केमोथेरपीने बरे वाटू लागले, तर पुढील उपचार टाळता येतील काय? या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. त्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आरंभीच सांगणे योग्य ठरेल: ही केमोथेरपी मुख्य उपचाराची पूर्वतयारी आहे. ती मुख्य उपचाराची जागा घेत नाही.

हा आजार उशिरा का लक्षात येतो?

सायनसच्या चार जोड्या असतात. त्यांपैकी गालाच्या हाडातील सायनसमध्ये कर्करोग सर्वाधिक आढळतो; त्याखालोखाल तो डोळ्यांच्या मधल्या सायनसमध्ये आढळतो. या पोकळ्या रिकाम्या असल्याने आत गाठ वाढली तरी बराच काळ बाहेर काही दिसत नाही आणि दुखतही नाही. सुरुवातीची लक्षणे साध्या सर्दीसारखी किंवा दातदुखीसारखी असतात. परिणामी अनेक रुग्ण रुग्णालयात येतात तेव्हा गाठ हाडाच्या भिंती ओलांडून डोळा, टाळू, गाल किंवा मेंदूच्या तळापर्यंत पोचलेली असते.

पुढील लक्षणे दोन ते तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, विशेषतः चेहऱ्याच्या एकाच बाजूला असली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे अवश्य जावे:

१. एका बाजूची नाकपुडी सतत बंद राहणे, किंवा तिच्यातून रक्तमिश्रित वा दुर्गंधीयुक्त स्राव येणे.
२. गालावर सूज येणे, अथवा गाल व वरचा ओठ बधिर होणे.
३. वरच्या दाढा हलू लागणे, कवळी नीट न बसणे, दात काढल्यानंतर जखम न भरणे.
४. टाळूवर फुगवटा किंवा व्रण दिसणे.
५. डोळा पुढे येणे, एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे, डोळ्यातून सतत पाणी वाहणे.
६. तोंड पुरेसे न उघडणे, किंवा मानेत गाठ लागणे.

तंबाखूचे धूम्रपान हे या कर्करोगाचे एक सिद्ध कारण आहे. लाकडाचा भुसा व चामड्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यानेही हा आजार संभवतो. म्हणून सुतारकाम, लाकूड वखार, फर्निचर आणि पादत्राणे यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी वरील लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये आणि आपला व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगावा. मात्र अशी कोणतीही पार्श्वभूमी नसलेल्या व्यक्तींनाही हा आजार होऊ शकतो. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाजवळ बसल्याने, एकत्र जेवल्याने किंवा त्याची भांडी वापरल्याने तो पसरत नाही.

उपचारापूर्वी कोणत्या तपासण्या आवश्यक आहेत?

नाकातून दुर्बीण घालून गाठ पाहिली जाते आणि तिचा लहानसा तुकडा तपासणीसाठी घेतला जातो. तुकडा घेतल्याने कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. या तपासणीवाचून कर्करोगाचा कोणताही उपचार सुरू करणे धोक्याचे ठरते, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या गाठी प्रत्यक्षात फार भिन्न असतात. कोविडच्या साथीत, २०२१ मध्ये, देशभर आढळलेल्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजारातही गालाची सूज, डोळ्याचा त्रास व टाळूचे व्रण ही लक्षणे होती. त्याचा उपचार मात्र पूर्णपणे वेगळा असतो.

तुकड्याच्या तपासणीतून कर्करोगाचा प्रकार कळतो. सायनसमध्ये स्क्वॅमस पेशींचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. याशिवाय ग्रंथींचा कर्करोग, वासाच्या नसेपासून उद्भवणारा कर्करोग, अतिशय वेगाने वाढणारा अविभेदित कर्करोग, मेलॅनोमा, लिम्फोमा असे अनेक प्रकार आहेत. प्रकार ओळखणे कठीण असल्यास तोच नमुना अनुभवी केंद्रात पुन्हा तपासून घेण्याचा सल्ला दिला जातो. त्यात काही दिवस गेले तरी ते व्यर्थ जात नाहीत, कारण पुढील सर्व निर्णय या अहवालावर अवलंबून असतात.

सीटी स्कॅनमध्ये हाडांची झीज दिसते. एमआरआयमध्ये डोळा, नसा, मेंदूचे आवरण यांसारख्या मऊ भागांपर्यंत गाठ पोचली आहे काय, हे कळते. आजार मानेत किंवा फुप्फुसांत पसरला आहे काय, हे पाहण्यासाठी छातीचा स्कॅन किंवा पेट स्कॅन केला जातो. उपचारापूर्वीचे हे सर्व स्कॅन, त्यांच्या सीडी आणि अहवाल जपून ठेवावेत. गाठ लहान झाल्यानंतरही त्यांची गरज पडते. त्याचे कारण पुढे दिले आहे.

‘वाढलेला’ कर्करोग म्हणजे काय?

या शब्दाने घाबरून जाऊ नये. वाढलेला कर्करोग म्हणजे बरा न होणारा कर्करोग, असा अर्थ नाही. गाठ सायनसच्या भिंती ओलांडून शेजारच्या भागांत शिरली आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. डॉक्टर त्यात दोन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत गाठ डोळ्याच्या खोबणीचा पुढचा भाग, गालाची त्वचा किंवा जबड्यामागील भाग येथपर्यंत आलेली असते. येथे शस्त्रक्रिया बहुधा शक्य असते, पण ती मोठी असते. दुसऱ्या पायरीत गाठ खोबणीच्या मागील टोकाला, मेंदूच्या आवरणाला, मेंदूला किंवा महत्त्वाच्या नसांना भिडलेली असते; येथे सुरुवातीलाच शस्त्रक्रिया करणे कठीण किंवा अशक्य असते. आधी केमोथेरपी देण्याचा विचार मुख्यतः या दोन पायऱ्यांवरील रुग्णांसाठी केला जातो.

केमोथेरपी आधी देण्याचे उद्देश

पहिला उद्देश गाठ लहान करणे हा आहे. डोळा आणि गाठ यांच्यात काही मिलिमीटर जागा निर्माण झाली, तरी जो डोळा काढावा लागला असता तो वाचू शकतो. जी गाठ काढणे अशक्य वाटत होते, ती काढण्याजोगी होऊ शकते. रेडिएशन देतानाही दृष्टीची नस व मेंदू यांना किरणांपासून वाचवणे सोपे जाते.

दुसरा उद्देश शरीरात अन्यत्र गेलेल्या आणि स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या सूक्ष्म कर्कपेशींवर लवकर मारा करणे हा आहे. वेगाने वाढणाऱ्या प्रकारांत याला विशेष महत्त्व आहे.

तिसरा उद्देश गाठीचा स्वभाव जाणून घेणे हा आहे. दोन-तीन फेऱ्यांनंतर गाठ किती आटली, यावरून मुख्य उपचार शस्त्रक्रियेने करावा की रेडिएशनने, हे ठरवण्यास मदत होते.

याशिवाय अनेक रुग्णांची वेदना, डोळ्यावरील दाब आणि रक्तस्राव लवकर कमी होतो. मोठ्या शस्त्रक्रियेची किंवा रेडिएशनची आखणी पूर्ण होईपर्यंतचा काळही उपचाराविना जात नाही.

ही पद्धत सर्वांसाठी योग्य आहे काय?

नाही. गाठ लहान असून सुरक्षितपणे पूर्ण काढता येत असेल, तर थेट शस्त्रक्रिया करणेच सामान्यतः योग्य ठरते. लाळग्रंथींच्या ऊतींपासून होणारे काही संथ वाढणारे प्रकार आणि मेलॅनोमा केमोथेरपीला फारसा प्रतिसाद देत नाहीत. त्यांत वेळ दवडणे हिताचे नसते. याउलट लिम्फोमामध्ये केमोथेरपी हाच मुख्य उपचार असतो. मूत्रपिंडे किंवा हृदय दुर्बल असलेल्या, अथवा अतिशय अशक्त झालेल्या रुग्णांमध्ये औषधे बदलावी लागतात किंवा ही पायरी वगळावी लागते.

म्हणूनच हा निर्णय एकट्या डॉक्टरांनी न घेता ट्यूमर बोर्डाने घेणे योग्य असते. या मंडळात कर्करोग शल्यचिकित्सक, केमोथेरपी व रेडिएशनचे तज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ असतात. गरजेनुसार नेत्रतज्ज्ञ, मेंदूशल्यचिकित्सक व दंततज्ज्ञही असतात. आपल्या रुग्णाची चर्चा अशा मंडळात झाली आहे काय, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

अनुभव काय सांगतो?

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने २०११ मध्ये स्क्वॅमस प्रकारचा वाढलेला सायनस कर्करोग असलेल्या ४६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आधी दिलेल्या केमोथेरपीने त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांची गाठ लक्षणीय प्रमाणात लहान झाली. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा आजार मात्र केमोथेरपी चालू असतानाही वाढला.

याच केंद्राने २०१९ मध्ये अविभेदित प्रकाराच्या ९५ रुग्णांची माहिती मांडली. ज्यांची गाठ केमोथेरपीने आटली, त्यांच्यापैकी पुढे रेडिएशन व केमोथेरपी एकत्र घेतलेल्या गटात पाच वर्षांनंतर ८१ टक्के रुग्ण या आजाराच्या मृत्यूपासून वाचले होते. शस्त्रक्रियेचा मार्ग घेतलेल्या गटात हे प्रमाण ५४ टक्के होते. ज्यांची गाठ आटली नाही, त्यांना मात्र शस्त्रक्रियाच अधिक उपयोगी पडली.

हे आकडे एका केंद्राच्या जुन्या नोंदींवरून काढलेले आहेत. आजार विरळा असल्याने दोन उपचारपद्धतींची समोरासमोर तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या अवघड असतात. तरीही यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केमोथेरपीचा परिणाम प्रत्येक रुग्णात सारखा नसतो, म्हणून तो वेळेवर मोजणे आवश्यक आहे. आणि चांगला परिणाम दिसलेल्या रुग्णांनाही पुढे मुख्य उपचार दिला गेला होता.

उपचार प्रत्यक्षात कसा होतो?

सुरुवातीस रक्त, मूत्रपिंडे, यकृत, हृदय आणि श्रवणशक्ती तपासली जाते. दातांची तपासणी याच वेळी करून घ्यावी. किडलेले दात रेडिएशननंतर काढल्यास जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका असतो. पुढे अपत्य हवे असणाऱ्या तरुण रुग्णांनी औषध सुरू होण्यापूर्वी वीर्य किंवा बीजांडे साठवण्याविषयी विचारावे. या काळात गर्भधारणा टाळणे आवश्यक आहे.

सिस्प्लॅटिन, डोसिटॅक्सेल, फ्लूरोयुरॅसिल, पॅक्लिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड या औषधांपैकी दोन किंवा तीन औषधे एकत्र दिली जातात. कोणती औषधे द्यावीत, हे कर्करोगाचा प्रकार आणि रुग्णाची प्रकृती यांवर ठरते. औषधे शिरेतून सलाइनद्वारे देतात. एखादे औषध पंपाद्वारे सलग चार-पाच दिवस द्यायचे असल्यास दंडातून किंवा छातीजवळून विशेष नळी बसवली जाते. ही नळी कोरडी व स्वच्छ ठेवावी. तेथे लाली, सूज किंवा पू दिसल्यास लगेच कळवावे.

सामान्यतः तीन आठवड्यांची एक फेरी असते आणि अशा दोन ते तीन फेऱ्या दिल्या जातात. त्यानंतर पुन्हा स्कॅन करून गाठीचे मोजमाप घेतले जाते. गाठ आटली असेल, तर ठरल्याप्रमाणे मुख्य उपचाराकडे वळतात. गाठ तशीच असेल किंवा वाढली असेल, तर केमोथेरपी लांबवत न बसता लगेच शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा निर्णय घेतला जातो. म्हणून स्कॅनची ठरलेली तारीख कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये. डोळ्याचा त्रास, सूज किंवा वेदना मधल्या काळात वाढली, तर त्या तारखेपर्यंतही थांबू नये.

घरी घ्यावयाची काळजी

मळमळ, तोंड येणे, जुलाब, थकवा, केस गळणे, हातापायांना मुंग्या येणे असे त्रास होऊ शकतात. बहुतेकांवर औषधे उपलब्ध आहेत, आणि केस उपचारानंतर पुन्हा येतात. उलटीची औषधे त्रास सुरू होण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्यावीत. सिस्प्लॅटिनचा परिणाम मूत्रपिंडे व कान यांवर होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसभरात दोन ते तीन लिटर पाणी प्यावे. लघवी कमी होणे, कानात आवाज येणे किंवा कमी ऐकू येणे हे त्वरित सांगावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांपैकी काही मूत्रपिंडांना अपाय करतात. भस्मे, काढे किंवा जडीबुटी घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

आहार ताजा, शिजवलेला आणि पौष्टिक असावा. मऊ भात, मुगाची खिचडी, वरण, उकडलेली अंडी, दूध, नाचणीचे सत्त्व असे पदार्थ थोडे थोडे व वारंवार द्यावेत. पाणी उकळून गार केलेले असावे. रस्त्यावरील कापलेली फळे, उसाचा रस, कच्ची कोशिंबीर आणि शिळे अन्न या काळात टाळावे. तोंड आले असल्यास तिखट व गरम पदार्थ टाळून, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात.

औषध दिल्यानंतर सुमारे ४८ तास रुग्णाच्या लघवी, शौच व उलटीत औषधाचा अंश असतो. ती साफ करताना हातमोजे घालावेत, शौचालयात भरपूर पाणी टाकावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. गर्भवती स्त्रियांनी हे काम करू नये. एवढी काळजी घेतल्यावर घरातील मुलांनी रुग्णाजवळ बसण्यास कोणतीही हरकत नाही.

विडी, सिगारेट, गुटखा, खैनी आणि मिश्री पूर्णपणे बंद करावी. तंबाखू चालू ठेवल्यास उपचाराचा लाभ कमी होतो आणि जखमा भरण्यास विलंब लागतो. मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ उपलब्ध आहे.

त्वरित रुग्णालयात केव्हा जावे?

प्रत्येक फेरीत, साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान, रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात साधा वाटणारा ताप काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. घरी थर्मामीटर ठेवावा आणि तो वापरण्यास शिकून घ्यावे.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक झाल्यास, रात्र असो वा दिवस, ताबडतोब रुग्णालय गाठावे. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. रुग्णालयात पोचताच ‘केमोथेरपी चालू आहे’ हे सर्वप्रथम सांगावे आणि केमोथेरपीचे कागद दाखवावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक लावावा. पुढील लक्षणांतही असाच विलंब टाळावा:

१. थंडी वाजून अंग थरथरणे, ताप नसला तरीही.
२. नाकातून न थांबणारे रक्त. रुग्णाला बसवून पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे दाबून धरावा आणि त्याच वेळी रुग्णालयात नेण्याची तयारी करावी.
३. नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव टपकणे, तीव्र डोकेदुखी, मान ताठरणे किंवा गुंगी येणे. मेंदूच्या तळाशी असलेली गाठ आटताना मेंदूभोवतीचा द्रव गळू शकतो. अशा रुग्णाने जोराने नाक शिंकरू नये.
४. दृष्टी अचानक मंद होणे.
५. छातीत दुखणे, धाप लागणे, औषध चालू असताना अंगावर गांधी उठणे.
६. सतत जुलाब किंवा उलट्या होऊन पाणीही पोटात न टिकणे.

बरे वाटू लागले, आता पुढे काय?

उपचाराच्या मार्गातील सर्वांत धोक्याचे वळण हेच आहे. दुसऱ्या फेरीनंतर गालाची सूज उतरते, डोळा पूर्ववत दिसू लागतो, झोप लागते. चेहऱ्यावरील मोठ्या शस्त्रक्रियेची भीती मनात असतेच. मग ‘आता गाठ गेलीच आहे, तर ऑपरेशन कशाला?’ असा विचार घरात सुरू होतो आणि काही रुग्ण येणे थांबवतात.

सूज उतरली म्हणजे सर्व कर्कपेशी मेल्या असे नव्हे. गाठ मध्यभागी आटते, पण तिने पूर्वी व्यापलेल्या जागेत, हाडात आणि नसांच्या कडेने जिवंत पेशी विखुरलेल्या राहू शकतात. त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. मुख्य उपचार झाला नाही तर त्या पुन्हा वाढतात, आणि परतलेला आजार अनेकदा त्याच औषधांना दाद देत नाही. पहिल्या वेळी वाचू शकणारा डोळा दुसऱ्या वेळी वाचेलच असे नसते. याच कारणासाठी शल्यचिकित्सक आणि रेडिएशनतज्ज्ञ पहिल्या स्कॅनवरील गाठीची मूळ व्याप्ती विचारात घेतात. जुने स्कॅन जपून ठेवावेत ते यासाठीच.

शेवटच्या फेरीनंतर रक्तपेशी सावरल्या की, साधारणपणे तीन ते चार आठवड्यांत, मुख्य उपचार सुरू व्हावा. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालते. आधी शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू होणे इष्ट असते. शस्त्रक्रियेत टाळूचा भाग काढावा लागल्यास कृत्रिम टाळू बसवून किंवा शरीराच्या दुसऱ्या भागातील ऊती लावून ती जागा भरली जाते. त्यामुळे रुग्ण पुन्हा बोलू व जेवू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वीच याविषयी तज्ज्ञांशी बोलून घ्यावे. भीती कमी होण्यास त्याची मोठी मदत होते.

खर्च, प्रवास आणि आधार

उपचार मध्येच थांबण्याचे दुसरे मोठे कारण पैसा हे असते. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबांना दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळतात. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिक, उत्पन्न कितीही असले तरी, या योजनेस पात्र आहेत. योजनेशी संलग्न रुग्णालय दुसऱ्या राज्यात असले तरी लाभ मिळू शकतो. त्यामुळे इंदूर, हैदराबाद, बडोदा किंवा बेळगाव येथे राहणाऱ्या कुटुंबानेही गावाकडचे कार्ड निरुपयोगी समजू नये. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही उपलब्ध आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना राष्ट्रीय आरोग्य निधीतून साहाय्य मिळू शकते. अमृत आणि जन औषधी दुकानांत अनेक औषधे कमी दरात मिळतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेभाड्यात सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र घ्यावे. कागदपत्रांसाठी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच भेटीत भेटावे, पैसे संपण्याची वाट पाहू नये.

देशातील कर्करोग केंद्रांचे जाळे, राष्ट्रीय कर्करोग ग्रिड, २०१२ मध्ये स्थापन झाले. त्यातील मोठ्या केंद्रात उपचाराची आखणी करून रक्ततपासण्या व काही उपचार घराजवळ घेता येतील काय, हे विचारावे. मन खचल्यास रुग्णाने किंवा काळजी घेणाऱ्या नातेवाइकाने टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर, दिवसा किंवा रात्री केव्हाही, बोलावे.

डॉक्टरांना हे प्रश्न अवश्य विचारा

१. कर्करोगाचा नेमका प्रकार व टप्पा कोणता आहे?
२. आमच्या रुग्णाला आधी केमोथेरपी देण्यामागे काय उद्देश आहे?
३. किती फेऱ्या होतील आणि परिणाम कोणत्या तारखेला मोजला जाईल?
४. गाठ आटली तर पुढे काय, आणि न आटली तर काय?
५. डोळा वाचण्याची शक्यता कितपत आहे?
६. रात्री ताप आल्यास कोणाला फोन करावा आणि कोठे जावे?
७. शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनची तारीख आताच राखून ठेवता येईल काय?

लक्षात ठेवा

तुकड्याच्या तपासणीशिवाय उपचार सुरू करू नका. स्कॅनची तारीख चुकवू नका. ताप आल्यास घरी थांबू नका. पहिले कागद आणि स्कॅन जपून ठेवा. आणि केमोथेरपीने कितीही बरे वाटले, तरी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनच्या ठरलेल्या दिवशी रुग्णालयात हजर राहा. आजार बरा करण्याचे मुख्य काम त्या दिवसापासून सुरू होते.

ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. आपल्या रुग्णाविषयीचे निर्णय उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.